सहलीची शिदोरी : आभाळाचे आभाळ पाहील

दिवाळीचा फराळ आटोपला, पाहुणे पांगले, की आमच्या इमारतीत दुसराच एक हंगाम सुरू होतो. पुढच्या उन्हाळ्यात मुलांकडे परदेशी जाण्याचे बेत याच दिवसांत शिजतात. परवा वरच्या मजल्यावरचे गृहस्थ चिवड्याची वाटी हातात घेऊनच आमच्याकडे आले. त्यांची कन्या एडिंबरोला असते. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "तुम्ही स्कॉटलंडला जाऊन आलात ना? मग ते तळ्यातल्या बोटीचं नीट सांगा. कधी जावं, बरोबर काय न्यावं, आणि मुख्य म्हणजे पाऊस नसेल असा दिवस कसा ओळखावा?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चहा उकळेपर्यंत देऊन झाली. तिसऱ्या प्रश्नाशी मात्र मी अडखळलो. कारण त्याच प्रश्नापायी मी स्वतः दहा दिवस वाया घालवले आहेत, आणि ते कोणाचे घालवले हे आठवले की अजून बोचते. तेव्हा या अंकातली शिदोरी तीच. शेजाऱ्यांना जे सांगितले तेच वाचकांनाही सांगतो.

आधी शब्द समजून घेऊ. स्कॉटलंडात तळ्याला 'लेक' म्हणत नाहीत, 'लॉख' म्हणतात. इंग्रज मंडळी त्याचे 'लॉक' करून मोकळी होतात. आपल्या जिभेला 'ख' काही परका नाही; फक्त तो जरा घशातून घासून काढायचा, उर्दू शायर 'ख़त' म्हणताना काढतात तसा. एवढे साधले की तिकीट देणारा माणूसही तुमच्याकडे कौतुकाने पाहतो. पण नकाशा पाहताना एक सावधगिरी बाळगा. जमिनीत घुसलेल्या समुद्राच्या खाडीलाही ते लॉखच म्हणतात. गोड्या पाण्याचे तळे पाहायला निघून खारे वारे खात बसण्याची पाळी येऊ नये.

आता कोणते लॉख निवडावे? नावाजलेले म्हणाल तर लॉख नेस. लांबी सुमारे ३७ किलोमीटर, खोली २३० मीटर. इंग्लंड आणि वेल्समधल्या सगळ्या तळ्यांत मिळून जेवढे गोडे पाणी आहे त्याहून जास्त या एकट्यात. १९३३ पासून त्यातल्या राक्षसाच्या बातम्या जगभर गेल्या. १९३४ मध्ये लांब मानेचे एक छायाचित्र छापून आले, आणि ती खेळण्यातल्या पाणबुडीवर मान बसवून केलेली लबाडी होती हे १९९४ मध्ये उघड झाले. तरीही बोटीतली मुले कठड्याला चिकटून राक्षसाची वाट पाहतातच. काठावर अर्कर्ट किल्ल्याचे अवशेष आहेत, तेही पाहण्यासारखे. मुले बरोबर असतील तर हे लॉख उत्तम. पण त्यासाठी उत्तरेला इन्व्हर्नेसपर्यंत जावे लागते. ग्लासगोहून आगगाडीनेच तीन तासांहून अधिक. म्हणजे वयस्क माणसांनी तिथे एक मुक्काम धरूनच बेत करावा.

सोयीचे म्हणाल तर लॉख लोमंड. क्षेत्रफळाने ब्रिटनमधले सर्वांत मोठे, सुमारे ७१ चौरस किलोमीटर. ग्लासगोहून बॅलख नावाच्या स्टेशनपर्यंत थेट गाडी जाते, तासाच्या आत पोचवते, आणि स्टेशनातून बाहेर पडून चालत बोटीपाशी जाता येते. हातात एकच दिवस असेल, गुडघे कुरकुरत असतील, किंवा कडेवर नातवंड असेल, तर डोळे मिटून लोमंड निवडा.

आम्ही मात्र या दोन्ही सोडून तिसरे निवडले, लॉख कॅट्रिन. लांबी जेमतेम १३ किलोमीटर, आणि पोचायला जरा कटकटीचे. त्याचे कारण सांगायचे तर आमच्या हिच्या माहेरी जावे लागेल.

हिचे वडील वाईला शाळामास्तर होते. इंग्रजी शिकवीत. सर वॉल्टर स्कॉटने १८१० मध्ये 'द लेडी ऑफ द लेक' हे दीर्घकाव्य लिहिले ते याच कॅट्रिन तळ्यावर. वेष पालटून शिकारीला आलेला राजा, तळ्यातले बेट, नाव वल्हवीत येणारी एलन नावाची मुलगी. पुस्तक निघाले आणि ते तळे पाहायला माणसांची रीघ लागली. पुढे १८२५ मध्ये शूबर्टने एलनच्या एका गाण्याला चाल लावली. तीच आज 'आवे मारिया' म्हणून जगभर ऐकू येते. मास्तर हे काव्य वर्गात शिकवताना फळ्यावर खडूने तळे काढीत, मधोमध बेट काढीत, आणि घरी आले की लेकीला पाटीवर तेच काढून दाखवीत. त्यांनी स्वतः पाण्यावरून केलेला सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवसपर्यंतचा. पण कॅट्रिनच्या काठावरची गावे त्यांना कृष्णेच्या घाटांसारखी पाठ होती.

लग्न झाल्यापासून हिने माझ्याकडे परदेशातले असे एकच ठिकाण मागितले होते. मी 'बघू' म्हणत आलो. त्यातच २०२१ मध्ये तिला काचबिंदू असल्याचे निघाले. डॉक्टरांनी समजावून सांगितले की, गेलेली नजर परत येत नाही. थेंब वेळच्या वेळी घालून उरलेली सांभाळायची. तिला समोरचे दिसे, पण कडेचे हळूहळू पुसत चालले होते. तेव्हा 'बघू' म्हणण्याचे दिवस संपले हे मलाही कळले. चिरंजीव नोकरीसाठी ग्लासगोला होता. २०२३ च्या सप्टेंबरात तीन आठवड्यांसाठी आम्ही त्याच्याकडे गेलो.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाने विचारले, "बाबा, कॅट्रिनची तिकिटं कधीची काढू?" खिडकीबाहेर पाऊस बुरबुरत होता. मी शहाणपणाने म्हणालो, "थांब. इतक्या लांब आलो आहोत, तर लख्ख उन्हाचा दिवस बघून जाऊ. हिला स्वच्छ दिसलं पाहिजे."

हेतू वाईट नव्हता. पण स्कॉटलंडच्या पश्चिम भागात उन्हाची वाट पाहणे म्हणजे जुलैत महाबळेश्वरला जाऊन कपडे वाळण्याची वाट पाहण्यासारखे आहे. रोज सकाळी मी हवामानाचा अंदाज पाही, मान हलवी आणि म्हणे, उद्या बघू. असे दहा दिवस गेले. मग एका शनिवारी खरोखरच लख्ख ऊन पडले. मी घाईघाईने सर्वांना उठवले. मुलाने मोबाईलवर पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. ज्या बोटीने आम्हाला जायचे होते तिच्यावर त्या दिवशी एकही जागा नव्हती. लख्ख उन्हाची वाट पाहणारा मी एकटा थोडाच होतो? सारे ग्लासगो पाहत होते!

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात सूनबाईने हिला एक गोष्ट सांगितली. ग्लासगोच्या नळाला येणारे पाणी कॅट्रिन तळ्याचे असते. ही नळाखाली पेला धरून उभी होती. माझ्याकडे न वळताच म्हणाली, "म्हणजे पिऊन तरी झालं म्हणायचं. पाहणं राहिलं तरी चालेल."

तक्रारीचा सूर नव्हता. असता तर बरे वाटले असते. मी त्याच रात्री मुलाला सांगितले, "मंगळवारची दोन तिकिटं काढ. वादळ नसलं म्हणजे झालं. बाकी आभाळाचं आभाळ पाहील."

तर वाचकहो, पहिला सल्ला हा. दिवस आभाळ पाहून ठरवू नका, आपल्या सवडीने ठरवा आणि तिकीट आधी काढा. त्यातही पहिल्या आठवड्यातलाच दिवस धरा. म्हणजे वाऱ्यामुळे फेरी रद्द झालीच तर दुसरी संधी हातात राहते. शनिवार-रविवार टाळा. हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर; हिवाळ्यात फेऱ्या कमी होतात. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, तर ऑक्टोबर संपताना पाच वाजताच दिवेलागण होते, हेही हिशेबात घ्या.

पोचायचे कसे? ग्लासगोहून स्टर्लिंगपर्यंत आगगाडी, पाऊण तासाच्या आत. स्टर्लिंगहून कॅलंडर नावाच्या टुमदार गावापर्यंत बस. खरी मेख तिथून पुढे आहे. कॅलंडर ते ट्रॉसॅक्सचा धक्का हे अंतर सुमारे १५ किलोमीटर. रस्ता दोन तळ्यांच्या काठाने जातो, फार देखणा आहे, पण त्यावरच्या बसचा भरवसा धरता येत नाही. हंगामाप्रमाणे आणि वाराप्रमाणे वेळापत्रक बदलते. ते नीट पाहावे, आणि बस जुळत नसेल तर कॅलंडरहून टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवावी. जाण्याची नव्हे, जाण्याची आणि येण्याची! धक्क्यावर उभे राहून हात केला आणि टॅक्सी थांबली, असे तिथे होत नाही. मोबाईललाही डोंगरात कधी रेघ मिळते, कधी मिळत नाही. म्हणून तिकिटे कागदावर छापून घ्या, टॅक्सीवाल्याचा नंबर चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा.

मुले गाडीने नेणार असतील तर प्रश्नच मिटला. तिकडेही वाहने डावीकडूनच चालतात, आणि आपला भारतीय परवाना पाहुण्याला वर्षभर चालतो. मात्र डोंगरातले काही रस्ते एकच गाडी मावेल एवढे असतात. मधूनमधून बाजूला घ्यायला जागा ठेवलेली असते. समोरून येणाऱ्याला वाट द्यायची आणि हात वर करून आभार मानायचे, हा तिथला शिरस्ता. ॲबरफॉइलकडून येणारा घाट वळणावळणाचा आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी आधी घ्यावी. तळ्यात लागण्याचे भय कमी, घाटात जास्त.

पैशांबद्दल दोन शब्द. स्कॉटलंडातल्या तीन बँका आपापल्या नोटा छापतात. त्या पौंडाच्याच असतात, तिथे बिनदिक्कत चालतात. पण परत आल्यावर मुंबईत त्या बदलून घेताना नाकी नऊ येतात. येण्याआधी खर्चून टाका. तिथे साठीपुढच्या रहिवाशांना बसचा प्रवास फुकट असतो; तो पाहुण्यांना नाही, म्हणून बसमध्ये चढून आपले वय सांगत बसू नये. बोटीच्या तिकिटाला मात्र ज्येष्ठांची सवलत आहे का हे जरूर विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

आता कपडे. छत्री घरी ठेवा. तळ्यावरचा वारा ती उलटी करून तुमच्याच हातात देतो. टोपीचा रेनकोट हवा. एकच जाड कोट घालण्यापेक्षा पातळ तीन थर बरे. ऊन आले की एक काढता येतो, आणि तिथे एका तासात तिन्ही ऋतू होतात. बायकांनी डेकवर साडीचा हट्ट धरू नये. वाऱ्यात पदर सांभाळावा की कठडा धरावा, असा प्रसंग येतो. ही पंजाबी ड्रेस, आत लोकरी बनियन, वर रेनकोट आणि पायात पकड असलेले बूट अशा थाटात निघाली. बूट महत्त्वाचे. ओल्या फळीवरून बोटीत चढायचे असते.

थेंब, गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी नेहमी हातातल्या पिशवीत ठेवा. ज्यांची औषधे घड्याळावर असतात त्यांनी लक्षात ठेवावे की, उन्हाळ्यात तिकडचे घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेपाच. हिच्या थेंबांसाठी मी दुसऱ्या मनगटावर मुंबईचे घड्याळ बांधून फिरत होतो. सुनेला हसू येई, पण एकदाही चूक झाली नाही.

आणखी एक शत्रू असा की, ज्याचे नाव प्रवासाच्या रंगीत पुस्तकांत बारीक टाइपात असते. 'मिज' म्हणतात त्याला. डासाहून कितीतरी बारीक चिलटे. मेअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत त्यांचा सुळसुळाट. सकाळ-संध्याकाळी, दमट आणि वारा पडलेला असला की ढगासारखी येतात आणि चावतात. वारा सुटला की नाहीशी होतात. म्हणून चालत्या बोटीवर त्यांचा त्रास नाही, धक्क्यावर थांबलात की आहे. लांब बाह्या, फिक्या रंगाचे कपडे आणि अंगाला लावायचे औषध एवढ्यावर भागते.

खाण्याचे काय? आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचे लोणचे नेले होते, ते धक्क्याजवळ बाकावर बसून खाल्ले. बोटीवर बाहेरचे खाणे चालते का, हे विचारून घ्यावे. तिथल्या उपाहारगृहांत चहा आणि स्कोन मिळतो, तो आपल्या लोकांना आवडतो. शाकाहारी मंडळींनी सूप मागवताना त्यात काय आहे ते विचारावे. 'स्कॉच ब्रॉथ' म्हणजे भाज्यांची आमटी वाटते, पण मूळ मटणाच्या रश्श्यावर केलेली असते. गोडात 'टॅब्लेट' नावाचा प्रकार चुकवू नका. मी मागवले तेव्हा ही दचकून म्हणाली, "अहो, कसली गोळी घेताय?" साखर, लोणी आणि दूध आटवून थापलेली ती चक्क वडी निघाली! आपल्या फराळाच्या ताटात ठेवली तर कोणाला परकी वाटायची नाही.

मंगळवारी आम्ही दोघेच निघालो. मुलाची कचेरी होती. पाऊस होताच. कॅलंडरपासून तर डोंगर दिसेनात. मी गप्प बसलो होतो. हीही गप्प होती.

या तळ्यावर 'सर वॉल्टर स्कॉट' नावाची वाफेची एक जुनी बोट आहे. तिची कथा ऐकण्यासारखी आहे. १८९९ मध्ये ती डंबार्टनच्या कारखान्यात बोल्ट लावून जुळवली, मग सुटी केली, तुकडे लोमंड तळ्यावरून तराफ्याने इन्व्हरस्नेडला आणले, आणि तिथून घोड्यांच्या गाड्यांवर घालून डोंगर ओलांडून कॅट्रिनच्या काठी नेले. तिथे पुन्हा जुळवून ती पाण्यात सोडली. शतकभर चालली. २००७ मध्ये तिच्या भट्टीला वनस्पतिजन्य इंधन लावले, कारण खालचे पाणी शहराच्या पिण्याचे. २०२० मध्ये बाष्पक नादुरुस्त होऊन ती बंद पडली, आणि दुरुस्त होऊन २०२३ मध्ये पुन्हा पाण्यावर आली. एवढ्या जुन्या बोटीचे दुखणे-खुपणे चालायचेच. तुम्ही जाल तेव्हा ती चालू आहे का, हे आधी विचारून घ्या. शनिवारी आम्हाला जागा मिळाली नाही ती हिच्यावरच. मंगळवारची तिकिटे मिळाली ती धाकट्या, नव्या बोटीची. मला वाटले, हाही घोळ माझ्यामुळेच. पण धक्क्यावर पोचलो आणि ही एकदम थांबली. बोटीच्या अंगावरची अक्षरे तिच्या अगदी समोर होती. तिने ती एकेक करून वाचली. 'लेडी ऑफ द लेक.'

"बाबांची बोट," ती म्हणाली.

या तळ्यावर तासाभराची छोटी फेरी असते, आणि दुसऱ्या टोकाजवळच्या स्ट्रॉनाख्लाखरपर्यंत जाऊन येणारी लांबची, दोन तासांच्या आसपासची. घाई नसेल तर लांबची घ्या. तरुण मंडळी सायकल घेऊन बोटीने स्ट्रॉनाख्लाखरला जातात आणि उत्तरेच्या काठाने सायकलीवरून परत येतात. ते अंतर १३ मैल आहे. आपण तेवढे तरुण आहोत की नाही, हे बोटीत चढण्यापूर्वी ठरवावे, उतरल्यावर नव्हे.

बसायचे कुठे, याचे एक सोपे गणित आहे. लोक डावीकडची जागा बरी की उजवीकडची यावरून धावाधाव करतात. खरे पाहता एकदा कठड्याशी जागा धरलीत की हलायचे कारणच नाही. जाताना डावीकडे दक्षिणेचा काठ असतो; बोट वळून परतली की त्याच जागेवरून उत्तरेचा काठ दिसतो. जिला कडेचे दिसत नव्हते तिच्यासाठी हे मी आदल्या रात्री कागदावर काढून पाहिले होते. काचेच्या आतल्या बाजूला, तोंड थेट बाहेर येईल असे तिला बसवले आणि म्हणालो, "तू हलू नकोस. डोंगरच फिरून तुझ्यासमोर येतील."

बोट निघाली. आणि मग मला कळले की मी दहा दिवस काय टाळत होतो. पावसाने प्रत्येक डोंगराला पाझर फुटला होता. माळशेजच्या घाटात श्रावणात जसे कड्याकड्यावरून पांढरे दोर सोडलेले दिसतात, तसे. ढग बेन व्हेन्यूच्या कमरेशी आडवा पडला होता, वरचा माथा मधूनच दिसे आणि जाई. हा डोंगर फक्त ७२९ मीटर उंच, आपल्या कळसुबाईच्या निम्म्याहूनही कमी. पण थेट पाण्यातून उठल्यामुळे भारी वाटतो. शनिवारच्या लख्ख उन्हात यातले पाझर दिसले नसते. हिच्या नजरेलाही उन्हाची तिरीप सोसत नसे; हा मऊ उजेड तिला बरा वाटत होता. हे मी घरी असताना विचारलेसुद्धा नव्हते. ऊन हवे, असे मीच ठरवून टाकले होते.

ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगत होते. रॉब रॉय मॅकग्रेगर हा नामांकित बंडखोर १६७१ मध्ये याच तळ्याच्या वरच्या टोकाला जन्मला. १७१६ मध्ये त्याने माँट्रोजच्या ड्यूकच्या कारभाऱ्याला पकडून इथल्या एका चिमुकल्या बेटावर कोंडले. त्या बेटाला अजून कारभाऱ्याचेच नाव आहे. आणि १४ ऑक्टोबर १८५९ रोजी व्हिक्टोरिया राणीने इथूनच ग्लासगोच्या पाण्याची चावी फिरवली. बेटमन नावाच्या स्थापत्यविशारदाने ४१ किलोमीटरचा पाट काढला. बोगदे खोदून, पूल बांधून, मैलाला फक्त दहा इंच उतार देत. पंप नाही, काही नाही. पाणी आपल्याच पायांनी शहराकडे चालत जाते. त्याआधी ग्लासगोत पटकीने माणसे पटापट मरत. १८६६ मध्ये पुन्हा साथ आली तेव्हा या शहराला तिची झळ फार थोडी लागली. आपल्या मुंबईला विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये मिळाले, म्हणजे दोन्ही शहरे या बाबतीत जवळजवळ जुळी भावंडे. म्हणूनच सांगतो, बोटीतून पाण्यात काही टाकू नका. खाली मुलाच्या घरचा हंडा आहे असे समजा.

पण हिचे लक्ष दुसरीकडे होते. एलनचे बेट आले. झाडांनी गच्च भरलेला एक लहानसा उंचवटा, पाण्यात बसलेला. ती कितीतरी वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "एवढंसंच?"

मी घाबरलो. म्हटले, वडिलांनी फळ्यावर काढलेले बेट आणि हे बेट! चाळीस वर्षांची आशा, दहा दिवसांचा उशीर, आणि शेवटी हे?

"बाबांचं बेट केवढं मोठं होतं!" ती म्हणाली, आणि हसू लागली. "अर्धा फळा व्यापायचे. तळ्याला जागाच उरायची नाही."

मी तिला सांगितले की शहराच्या पाण्यासाठी धरण घालून तळ्याची पातळी वाढवली, त्यात बेटाचाही काही भाग बुडाला. पूर्वी ते खरोखरच याहून मोठे होते. हे ऐकून तिला फार बरे वाटले. "म्हणजे बाबा अगदीच चुकीचे नव्हते," ती म्हणाली. परतताना बेट पुन्हा येणार हे तिला ठाऊक होते. या खेपेस मात्र तिने माझे ऐकले नाही. उठून, कठडा धरून, रेनकोटची टोपी ओढून ती बाहेर पावसात उभी राहिली, आणि मी तिच्या कडेला, जिकडचे तिला दिसत नव्हते त्या बाजूला. कोणी धक्का देऊ नये म्हणून. काचबिंदूच्या माणसाला बरोबर घेऊन जाणाऱ्यांनी ही जागा धरावी. ही सूचना कोणत्याच पुस्तकात नाही.

हे सगळे ऐकून वरच्या मजल्यावरचे गृहस्थ जरा वेळ चिवडा चिवडत बसले. मग म्हणाले, "ते सगळं खरं. पण समजा, तिकीट काढलं आणि त्या दिवशी फारच पाऊस लागला तर?"

मी उत्तर देणार तोच स्वयंपाकघरातून आवाज आला. आताशा हिला स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात यायला भिंतीचा आधार लागतो, पण कान शाबूत आहेत.

"तर धबधबे जास्त दिसतात," ती म्हणाली. "त्यांना म्हणावं, तिकीट काढा आधी."